चौदा कागदांचा नकाशा आणि एक यादी

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी जळगावला केळी उत्पादकांच्या एका संस्थेत होते. कांदेबागेसाठी, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या केळीच्या लागवडीसाठी, प्रयोगशाळेत वाढवलेली टिश्यू कल्चरची रोपं परवा येणार होती आणि नोंदणीच्या यादीत पहूरच्या नानांचं नाव नव्हतं. ज्याचं नाव नाही त्याला रोपं नाहीत, असा नियम होता. नाना पहिल्या बसने येऊन माझ्या टेबलापुढे बसले होते. त्यांचे खड्डे खणून तयार होते आणि नोंदणीही त्यांनी स्वतः येऊन केली होती.

मूळ अर्ज पाहावेत, तर ते संगणकात भरून झाल्यावर गठ्ठे बांधून धुळ्याच्या कार्यालयात पाठवले होते. संगणकातल्या माहितीची मांडणी करणारा मुलगा पुण्याला गेला होता. जाताना त्याने एक सॉफ्टवेअर ठेवलं होतं, कुठल्या चौकटीत, म्हणजे संगणकातल्या कुठल्या तक्त्यात, काय माहिती आहे याचा नकाशा काढणारं. मी तो नकाशा छापला. चौदा कागद निघाले. जोडून फरशीवर पसरले आणि चपला काढून त्यावर फिरले. चौकटीच चौकटी, त्यांना जोडणाऱ्या रेघा आणि प्रत्येकीवर पाच-सहा इंग्रजी अक्षरं. त्यातून मला काही कळलं नाही.

नाना वाकून बघत म्हणाले, "ताई, हाऊ काय पाटचारीना नकाशा शे?"

शेतात पाणी नेणाऱ्या चाऱ्यांचा नाही, असं मी म्हटलं.

"मंग यामा मन्हं नाव कोठे शे?"

प्रश्न अगदी बरोबर होता. नकाशात नाव नसतं, नाव कुठे शोधायचं ते असतं. आणि नेमकं तेच मला वाचता येत नव्हतं.

मग मी माझ्या पद्धतीने सुरुवात केली. वही काढली, सॉफ्टवेअरमधला एकेक पर्याय लिहून घेतला आणि क्रमाने दाबत गेले. जे निरुपयोगी ठरेल त्यापुढे फुली. नाना फुल्या मोजत होते. नवव्या फुलीला त्यांनी चहा मागवला. अकरावा पर्याय दाबला आणि प्रिंटर वेगळ्याच सुरात करकरू लागला. या वेळी चित्र नव्हतं, साधी यादी होती: चौकटीचं नाव आणि पुढे त्या मुलाने लिहून ठेवलेला एका ओळीचा खुलासा. हे खुलासे चित्रात कुठेच छापले गेले नव्हते.

मी बोट ठेवत खाली आले. संस्थेत आम्ही दोन दिवस ज्या चौकटीतून यादीसाठी नावं काढत होतो, तिच्यापुढे लिहिलं होतं, 'मागच्या वर्षीची. वापरू नये.' त्याखालीच यंदाची चौकट.

त्या चौकटीतून नवी यादी छापली. पहूरची नावं तिसऱ्या पानावर होती. नानांचं नाव मी वाचलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं, या वेळी रोपांच्या आकड्यासकट, मोठ्याने. मला इतका आनंद झाला होता की मी तिसऱ्यांदाही वाचलं असतं.

पण नाना उठले होते, टोपी नीट करत होते. चहा आला तोही उभ्यानेच प्यायले.

"मी निंघस ताई," ते म्हणाले. "खड्डास्मा शेणखत टाकानं बाकी शे."