जिंकून बसलेले काटेवाले

शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारातली दुधाची पिशवी उचलतेय तोवर आमच्या मजल्यावर बातमी पोचली होती, की काटेवाले घोड्यांवर सगळं घालवून बसलेत आणि दुकानाला कुलूप लागलंय. बातमी जरा अळणी वाटली, म्हणून पुढच्या दारी सांगताना मी त्यात "घरही गहाण असेल" एवढं घातलं. दुपारपर्यंत ते घर माझ्याकडेच परत आलं, लिलावासकट.

सगळं साफ खोटं निघालं. काटेवाले जिंकले होते. दुकानाला कुलूप होतं ते त्यामुळेच.

काटेवाले म्हणजे आमच्या शेजारच्या खोलीत एकटे राहणारे, वजनकाटे दुरुस्त करणारे गृहस्थ. बाजारातल्या निम्म्या दुकानदारांचे काटे त्यांच्या हाताखालून गेलेत, म्हणून निम्मे दुकानदार त्यांना बघून दुसरीकडे बघतात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. एकच लेक, ती लग्न होऊन एक दिवस आणि एक रात्र प्रवासाच्या अंतरावर.

दर वर्षीच्या मोठ्या शर्यतीवर बापलेकीची पैज असते. दोघांनी एकेक घोडा निवडायचा. ज्याचा मागे पडेल त्यानं दुसऱ्याकडे आठ दिवस राहायला जायचं. लेक शाळेत होती तेव्हा हरणारा नुसता चहा करायचा. लग्नानंतर शिक्षा वाढली.

तीन वर्षांपूर्वी काटेवाले हरले. जाऊन आले ते गाल भरून, आणि पुढे महिनाभर आम्हाला नातवाच्या पडलेल्या दातांची मोजदाद ऐकावी लागली. त्यानंतर दोन्ही वेळा लेक हरली. एकदा जावयाची बदली आली, एकदा नातवाची परीक्षा. ती काही आली नाही.

म्हणून यंदा त्यांनी हरायचं ठरवलं.

या शर्यतीत सगळ्यांना सारखी संधी मिळावी म्हणून चांगल्या घोड्याच्या खोगिरात जास्त शिसं भरतात. काटेवाल्यांनी पेपरातली यादी चष्मा पुसून वाचली आणि सगळ्यांत जड ओझ्याचा घोडा घेतला. लेकीनं घेतला सर्वांत हलका. जन्मभर वजनात गेलेला माणूस. जड पारडं खालीच जातं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक. घोड्यावर ते ओझं का लादलंय, याचा विचार करायला त्यांना सवड झाली नाही, कारण ते बॅग भरत होते.

शर्यतीत तो जड घोडा शेवटच्या वळणावर सुटला तो सुटलाच. हलका आठवा आला.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. भिंत पातळ आहे, त्यात माझा दोष नाही. "बाबा, जिंकलात की. यंदा बघते हं मी, नक्की जमवते," असं ती म्हणाली असणार, हे मी नंतर जुळवलं; तेव्हा मला काटेवाल्यांचं एवढंच ऐकू आलं, "हो हो. सावकाश ये. घाई नाही."

त्यानंतर भिंतीपलीकडे काट्यावर काहीतरी जड ठेवल्याचा आवाज झाला.

बातमी खोटी निघाल्यावर मी साखर मागायच्या निमित्तानं गेले. माझ्या घरी साखर होती. काटेवाले दुपारचे पलंगावर बसले होते. समोर मोठ्या काट्यावर बॅग तशीच. काटा नऊ किलो दाखवत होता. बॅगेच्या वरच्या कप्प्यातून पितळेचा एक इवलासा तराजू डोकावत होता, नातवासाठी घडवलेला.

"काका, बॅग अजून तोलताय? वाढलीय का रात्रीत?"

"साखर डब्यात आहे. आणि तुझी वाटी भरलेलीच दिसतेय."

खरंच भरलेली होती. शेजारी रिकामी वाटी न्यायची नाही, या सवयीनं घरूनच भरून आणली होती मी. ती तशीच हातात धरून मी खाली बसले.

"सरळ उठून जा ना काका. लेकीचंच घर आहे. ती काय दारातून परत पाठवणार आहे?"

"जिंकलेल्यानं जायचं नसतं."

"मग तिला सांगा, चुकून जिंकलो. हरायचं होतं."

"म्हणजे तिनं न येण्याचा हिशेब मी ठेवतो, हे तिला कळवू?"

मी वाटी बाजूला ठेवली. मग म्हटलं, "मी करते फोन. पेपरात चुकीचं छापलं होतं म्हणते. कोण तपासायला जातंय?"

त्यांनी बॅग काट्यावरून उतरवली, काटा शून्यावर येईपर्यंत बघत राहिले, आणि मग म्हणाले, "चाळीस वर्षं लोकांचे काटे सरळ केलेत मी. आता घरच्या काट्यावर बोट ठेवायला सांगू नकोस."