पिशवीवरची फुली

पुसदजवळच्या बंजारा तांड्यावर मानीबाईसारखा भरतकामाचा टाका कुणाचा नव्हता, आणि तिच्याइतकी तिखट जीभही. बासष्ट साली तिची जमनी पहिलीतच दुसऱ्यांदा नापास झाली, तशी ती थेट मास्तरांपुढे जाऊन उभी राहिली. "घरी आमची गोरबोली, तुमच्या पुस्तकात मराठी. पोरगी मांगं पडन नाही तं काय? शाळा सुटल्यावर घटकाभर आणखी शिकवा तिले!"

मास्तर हसले, पण शिकवू लागले. मानीबाई रोज दाराशी बसून फळ्यावर दिसेल ते जमनीच्या दप्तराच्या पिशवीवर भरायची. तिला स्वतःला अक्षर येत नव्हतं. पण नक्कल चुकेल तर ती मानीबाई कसली!

महिन्याभरानं जमनी पिशवी पाहून खो खो हसत सुटली. "याडी, हा 'भ' मी फळ्यावर चुकवला होता. मास्तरनं त्यावर फुली मारली, तेबी भरली तू!"

मानीबाईचा पारा चढला. तिनं उसवायला सुई काढली आणि हात थांबला. पोरगी आईची चूक दाखवून राह्यली होती, आणि तीही मराठीत.

मग तिनं भरतकामाच्या डब्यातला सगळ्यात मोठा आरसा काढला आणि त्या फुलीच्या मधोमध टाचला.