तलवारीच्या रिंगणातली मुलगी

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. तेव्हा मी अकोले तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. भंडारदऱ्याजवळ भाड्यानं दिलेल्या एका बंगल्यात स्वयंपाक करणारी बाई धापा टाकत ठाण्यात आली.

“साहेब, तिथं एका पोरीला फिट येत्यात. दवाखान्यात न्हाई नेत. खडूचं रिंगान आखून कसलं तरी मंतर म्हनत्यात.”

दोन महिला शिपाई घेऊन मी लगेच निघालो. भरदुपारी खिडक्यांना पडदे होते. फरशीवर रिंगण, त्यात पाच टोकांची चांदणी, भोवती काळे झगे घातलेली शिकलीसवरलेली माणसं. मधे विशीतली मुलगी पडलेली, ओठातून रक्त येत होतं. हातात तलवार घेतलेला त्यांचा गुरू लॅटिन मंत्र थांबवून म्हणाला, “रिंगण ओलांडू नका. जिवाला धोका आहे.”

“धोका तिच्या जिवाला आहे,” असं म्हणत आमची एक शिपाई सरळ आत गेली. दोघींनी मुलीला उचलून जीपमध्ये घातलं आणि सरकारी दवाखाना गाठला.

ठाण्यात गुरू शांत होता. “ही बुवाबाजी नाही. युरोपातली प्राचीन विद्या आहे. मी कुणावर जबरदस्ती केली नाही.” मुलीचे आईबापही त्या झगेवाल्यांतच होते; बाप सुप्याच्या एका कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर. तोही म्हणाला, “आम्ही राजीखुशीनं आलो. तक्रार नाही.”

मी आईला वेगळ्या खोलीत बसवलं आणि एवढंच विचारलं, “मुलीच्या फिटच्या गोळ्या कुठं आहेत?”

तिला हुंदका फुटला. “धरणात टाकल्या, साहेब. माझ्याच हातानं. अंगात औषध असेल तर देवदूत उतरत नाही, असं या गुरूनं सांगितलं. गावच्या देवऋषाला मी कधी दारात उभं केलं नाही हो!”

तिनं जबाब दिला. त्यावरून लेखनिक फिर्याद लिहायला बसला, गुरूला ताब्यात घेतलं. मुलगी शुद्धीवर आल्याचा निरोप आला, तेव्हा बाप माझ्यासमोरच बसला होता. मला वाटलं, उठून धावेल. तो खुर्ची पुढं सरकवून हळूच म्हणाला, “साहेब, फिर्यादीत ‘जादूटोणा’ हा शब्द टाळता येईल का? लोक हसतील.”

मुलगी मरता मरता वाचली होती, आणि याला लाज वाटत होती ती एका शब्दाची! लिंबू-बिबव्याचे भोंदू मी बरेच पकडले. त्यांच्या दारातल्या गरिबाला निदान दवाखाना लांब असतो. या माणसाच्या दारात गाडी उभी होती. शिक्षणानं माणूस शहाणा होतो, हा माझा समज त्या दिवशी संपला.

“तो शब्द,” मी लेखनिकाला सांगितलं, “पहिल्याच ओळीत घ्या.”