'न्हाई'चा बाक

महादेवीबाई आमच्या वाडीच्या शाळेवर मुख्याध्यापिका म्हणून आल्या, त्याच दिवशी मला संशय आला. उदगीरच्या बाई, बावीस वर्षं नोकरी, पार इस्लापूरकडच्या दोन बुडत्या शाळा वर काढलेल्या. अशी बाई शिरूर अनंतपाळजवळच्या या कोपऱ्यात बदली मागून का घेईल? कुठंतरी पाणी मुरत होतं. मी बजरंग, शाळा समितीचा अध्यक्ष. नजर ठेवणं माझं कामच.

पहिल्याच आठवड्यात बाईंनी 'हाव' बंद केलं. "समजलं का?" असं विचारलं की आमच्याकडं वर्गच्या वर्ग "हाव!" ओरडतो. मीही तसाच ओरडत शिकलो. आता हाव म्हणेल त्यानं फळ्यापाशी येऊन समजावून सांगायचं. ज्याला समजलं नाही त्यानं "न्हाई" म्हणून पहिल्या बाकावर यायचं, बाई शेजारी बसून शिकवणार.

माझी ऋतुजा पाचवीत, कायम पहिली. ती त्या बाकावर दिसली आणि माझं डोकं फिरलं. मी तडक वर्गात घुसलो.

"बाई, लेकरांना न्हाई म्हणायला शिकवून राहिलात तुम्ही!"

"अध्यक्ष, ऋतुजाला भागाकार येतो का?"

"हाव."

"मग तीनशे चोवीसला बारानं भागायला सांगा तिला."

पोरगी खडू हातात धरून नुसती उभी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी घरी जाताना मनात आलंच, बाईनं मुद्दाम अवघड गणित काढलं असणार. मलाही ते येत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

दिवाळीनंतर पोरं धडाधड वाचायला लागली. गाव बाईंचं कौतुक करायला लागलं. मी म्हणायचो, यात बाईंचा फायदा काय, ते आधी कळू द्या.

फेब्रुवारीत वरून एक साहेब आले. वर्गातच बैठक भरली, पालक पुढं, पोरं मागं सतरंजीवर. बाई भिंतीला टेकून गप्प, चेहरा उतरलेला. मला बरं वाटलं, आता बाईंचं बिंग फुटणार. साहेबांनी कागद वाचला. पटसंख्येच्या अनुषंगाने समायोजन, संकुल, वाहतूक सुविधा असं बरंच काही होतं त्यात.

"समजलं का?"

"हाव!" सगळे पालक ओरडले. सगळ्यांत मोठा आवाज माझा. साहेबांनी कागद पुढं सरकवला, मी पेन उघडलं.

"न्हाई." मागं ऋतुजा उभी होती. "साहेब, समायोजन म्हंजे काय?"

"ए, खाली बस!" मी खेकसलो.

साहेब हसले. "म्हणजे पुढच्या वर्षी तुम्ही बसनं मोठ्या शाळेत जायचं."

"अन् ही शाळा?"

साहेबांनी घड्याळ बघितलं. "ही बंद होईल."

वर्गात एकदम कालवा झाला. मी पेनाला टोपण लावलं. कागद सहीविना परत गेला, त्याची एक प्रत टेबलावर राहिली.

साहेबांची गाडी गेल्यावर मी बाईंवरच उखडलो. "तुम्हाला ठाव होतं, तर बोलला का न्हाई?"

"मला बोलायची मनाई होती, अध्यक्ष. पोरांना नव्हती."

"मग हिथं आलात तरी कशाला?"

"बंद करायच्या यादीत या शाळेचं नाव होतं, म्हणून."

वर्षभर मी या बाईवर पाळत ठेवली होती, आणि परक्या माणसाचा कागद न समजता सही करायला निघालो होतो. माझी मलाच लाज वाटली.

बाईंनी ती प्रत उचलली आणि ओळ न् ओळ मला वाचून दाखवली. "समजलं का?"

हाव अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळलं आणि पहिल्या बाकावर जाऊन बसलो.