फिक्का आहे, साडूभाऊ!

लोक विंचवाकाट्याला भीत असतील, मी माझ्या थोरल्या साडूंना भितो. नाशिक रोडला त्यांचा फ्लॅट आणि त्याच्या मागच्याच गल्लीत माझा, म्हणजे पळायलाही जागा नाही. रविवारी सकाळी खालून स्कूटरचा हॉर्न वाजला, की मी पांघरूण डोक्यावर ओढतो. "चल लेका, रस्सा सापडलाय!" सापडलाय म्हणजे कुठे? कधी सायखेड्याच्या अलीकडे एखाद्या टपरीवर, तर कधी थेट मालेगावच्या वाटेवर. वाटीभर रश्श्यासाठी हा गृहस्थ स्वतःची हाडं खिळखिळी करून घेतो आणि माझीही करतो. माणसाची पारखसुद्धा ते रश्श्यावरूनच करायचे. गोडसर खाणारा मनातलं कळू देत नाही, खोबऱ्याचा पांढरा खाणारा बायकोला भितो आणि काळ्या मसाल्याचा, वर बोटभर तर्री असलेला ओरपतो तोच खरा माणूस! अनोळखी माणसाच्या वाटीत डोकावून "आजारी आहात का हो?" असं विचारायलाही ते कमी करत नसत. एकदा सायखेड्याला तेराव्याच्या पंगतीत "वा! असा रस्सा पुन्हा कधी?" असं मोठ्यानं म्हणाले, तेव्हा मी डोळ्यांनी माझ्या चपला शोधायला लागलो. गेलेल्याच्या मुलानं मात्र हुंदका आवरत त्यांना आणखी वाढला.

मग एकाएकी त्यांच्या पोटात रक्तस्राव झाला. डॉक्टर म्हणाले, तिखट कायमचं बंद, पुन्हा असं झालं तर भरवसा नाही. मेहुणीनं मला बाजूला घेतलं. "भाऊजी, यांना आवरा. तुमचंच ऐकतील." माझं? मला हसूसुद्धा आलं नाही, इतका घाबरलो होतो.

दोन महिन्यांनी हॉर्न वाजलाच. हॉटेलात त्यांनी एकच वाटी मागवली आणि माझ्यापुढे सरकवली. "तू खा. मला नुसतं सांग, कसाय." हातात रिकामा चमचा, नजर वाटीवर. मी घोट घेतला. डोळ्यांतून पाणी, कानांतून वाफा, आणि काय सांगू, जन्मात असा रस्सा खाल्ला नव्हता. पण चांगला म्हटलं, की तो चमचा वाटीत बुडणार!

"फिक्का आहे, साडूभाऊ. कांदा कच्चा, तेल जुनं."

त्यांनी चमचा खाली ठेवला. तेव्हापासून दर रविवारी मी एकेका हॉटेलाची अब्रू घेत चाललोय. परवा वाटी चाटूनपुसून "अगदीच पांचट" म्हणालो, तर त्यांनी आधी रिकाम्या वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी घाईनं तोंड पुसलं. आता ओरडणार!

पण ते हळूच म्हणाले, "खोटं बोलतोस, ठाऊक आहे मला. पण बोलत जा. खरं सांगितलंस तर मी खाईन रे, आणि मला एवढ्यात मरायचं नाही."

त्यांचा हात रिकाम्या वाटीपाशी होता. मी त्यावर माझा ठेवला, वेटरला आणखी एक वाटी आणायला सांगितली आणि ती यायच्या आधीच तिला नावं ठेवायला लागलो.