उणे त्रिज्येचा थेंब

ढगातल्या थेंबाची त्रिज्या उणे असू शकते का? तुम्ही म्हणाल, नाही, यात विचारायचं काय? मग तुम्ही आमच्या सरांपेक्षा शहाणे आहात.

गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात मी एम.एस्सी.चा प्रकल्प करत होते. ढगाखालच्या कोरड्या हवेतून पडताना थेंब कसा आटतो, हे संगणकावर मांडायचं. वेळेचं एक पाऊल टाकायचं, तेवढ्यात थेंब किती आटला ते वजा करायचं, मग पुढचं पाऊल. मेख अशी की थेंब जितका लहान, तितका झपाट्याने आटतो. पाऊल मोठं घेतलं तर असेल त्याहून जास्त वजा होतं आणि त्रिज्या उणे येते.

सरांना दाखवलं. मोबाइलवरून मान न उचलता ते म्हणाले, "अगं, उणे चिन्ह पुसून टाक ना. एवढ्यासाठी आलीस?"

पुसलं. मरायला टेकलेला थेंब आधीपेक्षा मोठा होऊन उठला. वाळून वाळून थेंब वाढायला लागले आणि पडद्यावर सिन्नरच्या पूर्वेला निळाशार पाऊस पडला. सर खूश. ते कृत्रिम पावसाची फवारणी करणाऱ्या एका कंपनीचे सल्लागार होते. फवारणी केली की असा पाऊस पडेल, असं सांगत ते चित्र त्याच भागातल्या माझ्या आजोळच्या ग्रामसभेत दाखवायचं ठरलं. पाझर तलावाची दुरुस्ती करायची की ती सोडून विमानाने फवारणी करून घ्यायची, हे तिथे हात वर करून ठरणार होतं. चित्राखाली नाव माझं.

माझे वडील कारकून. संध्याकाळी कॉलनीसाठी पत्रकं काढायचे. खाली नाव नसलेल्या पत्रकाने आई स्टोव्ह पुसायची. नाव असेल तर तो माणूस शब्दाशब्दाला बांधील, हे आम्हाला अक्षरओळखीबरोबरच शिकवलेलं.

मी पाऊल अर्धं केलं. निळा रंग विरला. त्रिज्येऐवजी तिच्या वर्गाचा, म्हणजे एकसारख्या गतीने घटणाऱ्या आकड्याचा, हिशोब ठेवला, तेव्हा थेंब मुकाट शून्यावर येऊन संपला. जमीन कोरडी.

"लोकांना बारकावे नको असतात," ते दाखवल्यावर सर म्हणाले. "चित्र लागतं." लोकांना काय कळतं हे ठरवायचा मक्ता या पंख्याखालच्या मंडळींना कोणी दिला, देव जाणे.

ग्रामसभेत चित्र लागलं. मामा शेजारी कुजबुजला, "लय निळंय गं. एवढं पानी बापजन्मात नाय पाह्यलं."

मी उभी राहिले. "सर, हेच गणित अर्ध्या पावलाने चालवून दाखवा. लॅपटॉप इथेच आहे."

"हे तांत्रिक आहे. आपण नंतर बोलू."

"नंतर कशाला?" सरपंचबाई म्हणाल्या. "बसलोच हाय ना आम्ही."

"बॅटरी उतरलीय."

"सर, लाइटीचा बोर्ड तुमच्या पाठीमागंच हाय," मामा म्हणाला.

लोक हसले. सरांनी लॅपटॉप बॅगेत भरला. निर्णय पुढच्या सभेवर गेला. तलाव अजून गळतोय आणि माझ्या प्रकल्पावर सरांची सही नाही.

पुढच्या सभेला कंपनी दुसरा माणूस पाठवणार आहे. उद्या तो तुमच्याही गावात असंच निळं चित्र लावेल. तेव्हा एवढं करा: त्याला सगळ्यांसमोर पाऊल अर्धं करून तेच गणित चालवायला सांगा. पाऊस जागेवर राहिला तर पुढचं बोला. उडाला, किंवा त्याची बॅटरी उतरली, तर हात वर करू नका.