टेन्शनरचे उरलेले दात

थंड इंजिन सुरू केलं की माझ्या जुन्या मोटारसायकलीतून खडखड येते. “ताई, पन्नाशीत हे कशाला? संध्याकाळी एक जण गाडी बघायला येतोय, विकून टाक,” धाकटा भाऊ चहा पिता पिता म्हणाला. मी इंजिन बंद करून टेन्शनर काढायला घेतला.

आतली टायमिंग चेन वापराने सैल पडत जाते आणि टेन्शनरचा दातेरी दांडा एकेक दात पुढे सरकून तिला ताणून धरतो. दांडा पूर्ण बाहेर आला, तर चेन संपली. माझ्या गाडीचा निम्माच बाहेर होता, काळ्या मळाने अडकलेला.

तो हातात घेऊन मी पाहत राहिले. थोडं सैल पडलेल्याला लोक फार लवकर संपलेलं समजतात. माझेही गुडघे कुरकुरतात, पण आत काहीतरी रोज एक दात पुढे सरकतं. ते कधी अडकलं, की बाहेरच्यांना नुसती खडखड ऐकू येते आणि ते गिऱ्हाईक शोधायला लागतात.

दांडा पुसला, मागे दाबून परत बसवला; स्प्रिंगने तो पुढे सरकला आणि चेन ताणली गेली. गाडी सुरू केली. खडखड गेली.

“मग त्या माणसाला काय सांगू?” भावाने विचारलं.

“येऊ नकोस म्हणावं. आणि कप विसळून ठेव, मग गाडीवर माझ्या मागे बस.”